अचानक रिस्टार्ट होणारा डेस्कटॉप आणि नवा एसएमपीएस : मार्च ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

नवी मुंबईतल्या ऐरोलीत मी घरूनच डीटीपीचे, म्हणजे छपाईची पाने मांडण्याचे, काम करते. माझ्या डेस्कटॉपमध्ये मी मार्चमध्ये ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (ही वीज वाया न घालवण्याची एक प्रमाणित श्रेणी) नवा एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या विजेचे संगणकाला लागणाऱ्या कमी दाबात रूपांतर करणारा डबा, बसवला. आता त्याचा उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी अंकांच्या पानांची घाई, असा तिहेरी कस लागून झाला आहे. अधूनमधून होणाऱ्या बिघाडावरचा उपाय खरोखर लागू पडला की नाही, हे पहिल्या दोन आठवड्यांत कळत नाही, म्हणून मुद्दाम थांबून हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण या दर्जाचे एसएमपीएस अनेक जण बनवतात आणि मला जे सांगायचे आहे ते खरेदीपेक्षा निदानाविषयी अधिक आहे.

संगणक काम करता करता एकदम बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होत असे. विंडोज कोसळल्यावर दिसणारा निळा पडदा नाही, कसलीही सूचना नाही. समोर मजकुराचे पान असे आणि पुढच्या क्षणी मदरबोर्डच्या कंपनीचे चिन्ह दिसे. कधी आठवडाभर काही होत नसे, तर कधी एकाच दुपारी हा प्रकार पुनःपुन्हा घडे. दुरुस्तीला आलेल्या तंत्रज्ञाने यंत्र न उघडताच सांगितले, "ताई, विंडोज नव्याने टाकू या, सगळे ठीक होईल." विंडोज नव्याने टाकले गेले आणि त्याच संध्याकाळी संगणक पुन्हा रिस्टार्ट झाला. लक्षणाची नीट चौकशी होण्याआधीच विंडोज पुसण्याची ही पद्धत इतकी रूढ झाली आहे, की त्यात लोकांचे फाँट, कीबोर्डच्या मांडण्या आणि अनेक वर्षांची जमवाजमव नाहक जाते. मला याचे फार वाईट वाटते.

प्रत्यक्षात पहिला पुरावा विंडोजमध्येच नोंदलेला असतो. इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीमच्या नोंदी पाहिल्यावर प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद लाल खुणेसह दिसत होती. ही नोंद वाचून अनेक जण ४१ हाच आजार समजतात, पण तिचा अर्थ फक्त एवढाच आहे की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद न होता सुरू झाला. कारण त्या नोंदीत नसते. उपयोगाची गोष्ट तिच्या तपशिलात सापडते : तेथे 'बगचेककोड' हा आकडा शून्याखेरीज काही असेल तर विंडोज कोसळले होते आणि शोध ड्रायव्हर, रॅम या दिशेने न्यावा, तो शून्य असेल तर बहुतेक वेळा विंडोजला काही लिहून ठेवायलाही सवड मिळालेली नसते, म्हणजे वीजच गेली किंवा यंत्र हार्डवेअरमधूनच रीसेट झाले. माझ्याकडे तो दर वेळी शून्य होता. शिवाय 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधली आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढून टाकल्यावरही निळा पडदा थांबून राहिला नाही आणि मिनीडंपचे (कोसळताना विंडोज जी नोंदफाइल ठेवते तिचे) फोल्डर रिकामेच राहिले. विंडोजवरचा संशय माझ्यापुरता तेथेच संपला.

बाकीच्या शक्यता लवकर निकालात निघाल्या. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे संपर्कबिंदू खोडरबराने पुसले, कारण खाडीकाठच्या दमट हवेत ते काळवंडतात, आणि नंतर रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवली. एकही चूक निघाली नाही. प्रोसेसरचे तापमान कामाच्या भरातही सत्तरीच्या घरातच राहिले. तसेही अतितापाने संगणक बहुधा बंद पडून बंदच राहतो, लगेच पुन्हा उठत नाही. कॅबिनेटचे रीसेटचे बटण अडकत असल्याची शंका घेऊन त्याची वायर मदरबोर्डवरून काढून ठेवली, तरीही फरक पडला नाही. वायरमनने सॉकेट तपासले तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधला दाब जेमतेम दोन व्होल्ट निघाला, म्हणजे तेथेही तक्रारीला जागा नव्हती.

मग मी रिस्टार्टची वेळ आणि त्या क्षणी घरात काय सुरू झाले होते, हे एका वहीत लिहू लागले आणि चित्र स्पष्ट झाले. लेझर प्रिंटरला प्रूफ काढायला सांगितले, किंवा शेजारच्या खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला, की दिवा क्षणभर मंद होई आणि पुष्कळदा त्याच क्षणी संगणक रिस्टार्ट होई. लेझर प्रिंटर कागदावर टोनर पक्का करणारा रूळ तापवताना एकदम मोठा प्रवाह ओढतो, त्यामुळे त्याच वायरिंगवरचा दाब थोडा वेळ खाली येतो. पण संगणक यूपीएसवर होता, मग त्याला ही झळ का लागावी? यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून पाहिला, तर संगणक रिस्टार्ट झाला. त्याच यूपीएसवर टेबललँप लावून तीच कृती केली, तेव्हा दिवा किंचित लुकलुकून जळत राहिला. त्यानंतर माझ्या भावाचा डेस्कटॉप आणून त्यावर लावला. तो ढिम्म हलला नाही. यूपीएस निर्दोष होता.

या ठिकाणी एसएमपीएसचे काम कसे चालते ते समजून घ्यावे लागते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म येथेच आहे. एसएमपीएस २३० व्होल्टची वीज आत घेऊन ती आधी एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो आणि तेथून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा पुरवठा करतो. बाहेरची वीज खंडित झाली तरी हा साठा थोडा वेळ पुरतो. एटीएक्स मानकाने त्यासाठी साधारण १६-१७ मिलिसेकंदांची अपेक्षा धरली आहे. नेहमीचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (वीज असताना भिंतीतली वीजच पुढे देणारा) यूपीएस बॅटरीवर जाण्यासाठी ४ ते १० मिलिसेकंद घेतो, त्यामुळे चांगला एसएमपीएस ही दरी सहज ओलांडतो. मात्र कपॅसिटर उष्णतेने सुकत गेला, की साठा आटतो. मग एसएमपीएसकडून मदरबोर्डला जाणारा, पुरवठा ठीक असल्याचे सांगणारा 'पॉवर गुड' संकेत क्षणभर खाली पडतो, मदरबोर्ड प्रोसेसरला रीसेट करतो आणि वीज तोवर परत आलेली असल्याने संगणक जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होतो. मल्टिमीटरने ही गोष्ट पकडता येत नाही. त्यावर १२ व्होल्टच्या तारेचे माप ११.९ येत होते, म्हणजे ११.४ ते १२.६ या मान्य मर्यादेच्या अगदी आत. पण मल्टिमीटर सरासरी दाखवतो, काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसत नाही. 'व्होल्टेज बरोबर आहे, एसएमपीएस चांगला आहे' हा निर्वाळा म्हणूनच अपुरा ठरतो.

जुना एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आलेला होता. त्याच्या लेबलवर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापले होते, पण १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलेले होते. गुणाकार केला तर १९२ वॅट होतात, आणि प्रोसेसर व ग्राफिक कार्ड यांचा बहुतेक भार याच १२ व्होल्टवर असतो. नव्या एसएमपीएसवर तेथे ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट आहेत. खरेदी करताना मोठ्या आकड्याऐवजी ही ओळ वाचावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगेन.

नवा एसएमपीएस बसवल्यापासून ४१ची एकही नवी नोंद झालेली नाही. मे महिन्यात एसी दिवसभर चालू-बंद होत होता, जुलैच्या पावसात वीज लुकलुकण्याचे प्रकार झाले, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेकडो पानांची प्रूफे निघाली. संगणक एकदाही मधेच उठला नाही. यूपीएसचा प्लग काढण्याची चाचणी मी अजूनही मधूनमधून, काम सेव्ह करून करते. पूर्वी प्रत्येक परिच्छेदानंतर बोट सेव्हकडे जायचे. आता जोडाक्षरे आणि ओळींची मोड यांच्याकडे लक्ष देता येते, आणि मजकुरावर काम करणाऱ्या माणसासाठी हे समाधान मोठे आहे.

काही उणिवाही सांगितल्या पाहिजेत. किंमत साडेचार हजारांच्या आसपास पडली, जी कॅबिनेटसोबतच्या एसएमपीएसच्या मानाने कितीतरी जास्त आहे. पाच वर्षांची वॉरंटी असल्याने मला ती पटली. केबल जाड आणि ताठ आहेत, त्यामुळे छोट्या कॅबिनेटमध्ये त्या वळवून बसवताना हवेची वाट अडू नये याची काळजी घ्यावी लागली. यूपीएस बॅटरीवर गेला की एसएमपीएसमधून हलकी घरघर ऐकू येते. माझा यूपीएस शुद्ध साइन लहरीऐवजी पायऱ्यांसारखी लहर देतो आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) असलेल्या एसएमपीएसला ती फारशी मानवत नाही. माझ्याकडे यामुळे काम अडलेले नाही, परंतु काही जोड्यांमध्ये संगणक बंदही पडू शकतो, म्हणून दुकानदाराकडे दोन्ही एकत्र लावून, प्लग काढून पाहण्याचा आग्रह धरावा. खाली तोंड असलेल्या पंख्याची जाळी या भागातल्या धुळीने लवकर भरते. मी ती दर दोन-तीन महिन्यांनी बाहेरून ब्रशने साफ करते. एसएमपीएस स्वतः उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो.

यूपीएसची बॅटरी पुढच्या वर्षी बदलावी लागेल, कारण ती साधारण दोन-तीन वर्षेच साथ देते. लेझर प्रिंटर मी आता यूपीएसवर नाही आणि संगणकाच्या एक्सटेंशन बोर्डवरही नाही, तर वेगळ्या भिंतीतल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावला आहे. नवा एसएमपीएस घेण्याआधी एवढा बदल करून पाहायला पैसे लागत नाहीत.