भिंत रंगवावी की चादर टांगावी?

तालमी, दौरे आणि प्रयोग यांत अडकलेल्या कलाकाराला हॉलची एक भिंत स्वस्तात सजवायची आहे. सोलापुरात माझं मत सरळ सोलापुरी चादरीला.

रंगकाम स्वस्त दिसतं खरं. पण खरवडणं, पुट्टी, घासकाम, प्रायमर, मग रंगाचे दोन हात; प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबायचं. मधेच प्रयोग लागला की भिंत अर्धवट. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी वेगळीच.

चादरीला पडद्याचा रॉड, दोन ब्रॅकेट आणि तासाभराची सवड पुरते. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली ही जाड सुती चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते. उलट बाजूला तीच नक्षी, रंगांची मात्र अदलाबदल. म्हणजे एका पैशात दोन भिंती! रिकाम्या खोलीत घुमणारा आवाजही थोडा दबतो, घरी संवाद पाठ करणाऱ्याला तेवढंच बरं. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला पाहुणे जास्त आले तर उतरवून पांघरायलाही देता येते.

धूळ मात्र बसते, आणि थेट ऊन लागलं तर रंग विटतो. ओल असलेल्या भिंतीवर टांगूच नका. घर स्वतःचं आणि दौऱ्यांना सुट्टी असेल, तर खुशाल ब्रश घ्या.