आईची व्हीलचेअर आणि माझे 18,249 रुपये

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची संपेल. 18,249 रुपये गेले. चार वेळा मिळून, माझ्याच हाताने. मोबाईलवर जाहिरात, "ऑफर आज संध्याकाळी 6 पर्यंत", मग व्हॉट्सॲप, मग क्यूआर कोड. ही तऱ्हा तुम्हाला माहीत आहे. मलाही होती.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, चार दिवसांत घरी सोडणार होते. दिवसा ऑफिस, रात्री हॉस्पिटल. दुकानं कधी फिरणार? (समर्थन करतोय, कळतंय मला.) ॲल्युमिनियमची, 12 किलोची, बाजूचे हात निघणारी खुर्ची 11,849 ला. बुकिंगचे 2,499 भरले, दुसऱ्या दिवशी उरलेले 9,350.

त्या दोन रकमांच्या मधेच मी त्या विकणाऱ्याला विचारलं होतं, "बाथरूमचं दार 24 इंच आहे. खुर्ची बाहेरून किती रुंद?" उत्तर आलं, "सर फुल साइज आहे, टेन्शन नका घेऊ." फुल साइज! 18 इंची सीटची साधी खुर्ची चाकांच्या कड्यांसकट सहज 25 इंच भरते, म्हणजे दारातच अडकणार. आईची कंबर किती, वजन किती, चाकं ती स्वतः फिरवणार की मागून कुणी ढकलणार, एक प्रश्न त्याने विचारला नाही. ढकलणाराच असेल तर मागची चाकं लहान असलेली अरुंद खुर्ची पुरते. खऱ्या दुकानदाराला हे विचारावंच लागतं, नाहीतर माल परत येतो. ज्याला माल पाठवायचाच नाही, त्याला मापं कशाला हवीत? हा संवाद मी आजवर पन्नास वेळा वाचलाय. प्रत्येक वेळी स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि ते बिल! मूळ किंमत 10,041.53, जीएसटी 18 टक्के, 1,807.47. व्हीलचेअरला 18 टक्के लागतच नाही. पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर 27 ने सुरू, म्हणजे महाराष्ट्राचा. मी ऑफिसात बिलंच तपासतो हो! नंबर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो, दोन मिनिटं लागतात. पैसे जाण्याआधी स्क्रीनवर नाव दिसतं तेही वाचा. माझ्या वेळी दुकानाचं नव्हतंच, कुण्या माणसाचं होतं.

मग "वाहतूक विमा, परत मिळणार" म्हणून 3,200. ते परत द्यायला त्याने कोड पाठवला, मी पिन टाकला आणि आणखी 3,200 गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. बायको शेजारीच उभी होती. काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, 1930 वर, फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला, पण तोवर एक रात्र गेली होती. तुम्ही त्याच तासाला करा, पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी. बँकेत गेलो तर काउंटरवरची बाई म्हणाली, "व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय." अर्ज घेतला, पोच मागितल्यावर तोंड वाकडं. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी साहेब होते, तर म्हणाले आरोपी बाहेरचा, आमच्या हद्दीत येत नाही. जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द न बघता तक्रार घ्यायची आहे, हे मी सांगितलं, तर "शिकलेले दिसता, मग पिन कशाला टाकलात?" बाकावरचे दोघं हसले. तिसऱ्या दिवशी साधा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारायला आणखी दीड तास. एवढी चौकशी त्या चोराची झाली असती तर! स्क्रीनशॉट कागदावर छापून न्या, मोबाईल कुणी हातात घेत नाही.

आई घरी आली ती प्लास्टिकच्या खुर्चीत, दोघांनी उचलून. शेवटी रुग्णसाहित्य भाड्याने देणाऱ्या केंद्रात गेलो. तिथल्या काकांनी पैशांचं काढायच्या आधीच टेप काढली आणि विचारलं, "बाथरूमचं दार मोजलंय का?"

हो म्हटलं. 24 इंच. लेखी आहे माझ्याकडे.