६,५०० रुपयांची सेकंडहँड पॅसिफिका

सेकंडहँड गिटार बघायला गेलो की मी आधी नेक (गिटारीची लांब मान) बघतो. रंग, चरे, स्टिकर हे सगळं नंतर. कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये इंजिनिअरिंगच्या मुलाने कॉटखालून यामाहा पॅसिफिका ०१२ ही इलेक्ट्रिक गिटार काढून हातात दिली, तेव्हा वरून तिची अवस्था बघवत नव्हती. तारा गंजून काळ्या पडलेल्या, फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची पट्टी) कोरडा पांढरट, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला की स्पीकरमधून खरखर, जॅक (वायर जोडायची जागा) ढिला.

पण नेक! हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या बाजूने, डोळा लावून पाहिलं तर कुठेही पीळ नाही. जाडी ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून धरली, तर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी जेमतेम जाड कागद सरकेल एवढीच फट. मग कडेवरून तळवा फिरवला. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना लागतात. ऐन मेमध्ये ही कड गुळगुळीत होती. या किमतीत असं फ्रेटचं काम मी क्वचितच पाहिलंय.

गिटार हवी होती भाचीला. अकरावीत गेलीय, बजेट दहा हजारांच्या आतलं. मी स्वतः वाद्यवृंदात वाजवतो, गणपती ते दिवाळी हात रिकामा नसतो, त्यामुळे शिकाऊ मुलांच्या स्वस्त गिटारी सतत दुरुस्तीला येतात. बोटांना लागणारे फ्रेट आणि बाराव्या फ्रेटच्या वर बेसूर होणारे स्वर, ही दोन दुखणी असली की मूल सहा महिन्यांत गिटार भिंतीला टेकवून ठेवतं. आपल्यालाच जमत नाही असं त्याला वाटतं, आणि दोष वाद्याचा असतो. म्हणून मी याबाबतीत हट्टी आहे.

मुलगा आठ हजार म्हणत होता. तारा आणि खरखर दाखवल्यावर म्हणाला, "काका, साडेसहा द्या, पण आजच घेऊन जा. उद्या फ्लॅट सोडतोय." लगेच पैसे पाठवले.

पॅसिफिका मालिका १९९० पासून चालू आहे आणि ०१२ ही तिची खालची पायरी. वरच्या ११२ ची बॉडी आल्डर लाकडाची, हिची अगाथिसची. नेक मेपलचा, २२ फ्रेट, स्केल (तारेची वाजणारी लांबी) साडेपंचवीस इंच, म्हणजे नामांकित महागड्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचं असतं तेवढंच. पिकअप (तारांचं कंपन पकडणारे चुंबकी भाग) तीन: एका वेटोळ्याचे दोन सिंगल कॉइल, ब्रिजला (तारा बॉडीवर टेकतात तिथे) दोन वेटोळ्यांचा हंबकर, आणि ते निवडायला पाच टप्प्यांचा स्विच.

घरी आणून ०९-४२ जाडीच्या तारा चढवल्या, फिंगरबोर्डला लेमन ऑइल लावलं, नॉबमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारला, जॅकचा नट आवळला. खर्च हजाराच्या आतच. एक तार बाराव्या फ्रेटवर किंचित चढी लागत होती; तिचं सॅडल (ब्रिजवरचा टेकू) मागे घेतल्यावर हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर तंतोतंत जुळले. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) बाराव्या फ्रेटला पावणेदोन मिलिमीटरपर्यंत खाली आणली, तरी कुठे बझ (तार फ्रेटला घासून होणारा आवाज) नाही. फ्रेट एका पातळीत नसते तर हे जमलंच नसतं.

मग तालमीला नेली. जुन्या हिंदी गाण्यांच्या ऱ्हिदमला मी ब्रिज आणि मधला पिकअप एकत्र ठेवतो. तो पातळ, टणत्कारी आवाज हिच्यात छान निघतो. नेकचा सिंगल कॉइल गोल आणि स्वच्छ, भावगीतांच्या मागे सुटे स्वर वाजवायला फार गोड. हंबकर जरा तिखट आहे, पण टोन थोडा उतरवला की लीडला भरदार बसतो. आमच्या पेठेतल्या हॉलचं वायरिंग जुनं, तिथे सिंगल कॉइल गुणगुणतात. हंबकरवर गेलं की शांत, कारण त्याची दोन कॉइल उलटसुलट जोडलेली असतात आणि बाहेरून आलेली गुणगुण एकमेकांत कापली जाते. माझी रोजची गिटार हिच्या दहापट किमतीची आहे. सस्टेनमध्ये (स्वर किती वेळ टिकतो त्यात) ती पुढे, हे खरं. पण कीबोर्डवाल्याने पाठ फिरवून दोन्ही ऐकल्या आणि नेक पिकअपवर हीच निवडली.

ट्रेमोलो (दांडा दाबून स्वर हलवायची सोय) जुन्या धाटणीचा, सहा स्क्रूंवरचा आहे. अशा ब्रिजवर दांडा जोरात दाबला की सूर हलतातच. मागच्या स्प्रिंगा आवळून ब्रिज बॉडीला टेकवला आणि दांडा पिशवीत ठेवला. शिकणाऱ्याला तो लागत नाही.

सेकंडहँड ०१२ बघायला जाल तर नेक आणि फ्रेट नीट तपासा. नेकला पीळ असेल किंवा बी आणि ई तारांखाली फ्रेटवर खोल खाचा पडल्या असतील, तर पाच हजारांतही घेऊ नका, कारण फ्रेट बदलायचा खर्च गिटारीच्या किमतीपर्यंत जातो. खरखर, गंज, ढिला जॅक याला मात्र घाबरू नका, तेवढ्यावरून भाव उतरवून घ्या. भाचीच्या गिटारीला दिवाळीआधी हाडाचा नट (हेडस्टॉकजवळचा तारांचा टेकू) बसवून घेणार आहे. पिकअप मुळीच बदलणार नाही.