जूमला ३ वरून ५: द्राक्षबागायतदारांच्या संकेतस्थळाचे स्थलांतर

आमच्या द्राक्षबागायतदार गटाचे संकेतस्थळ २०१४ पासून जूमला या संकेतस्थळे चालवण्याच्या मुक्त प्रणालीवर चालते. गटातील शेतकरी निफाड, दिंडोरी आणि चांदवड तालुक्यांतले आहेत. संकेतस्थळाची देखभाल मात्र मी नाशिकमध्ये, गंगापूर रोडवरील घरून करतो. जूमला ३ चा अधिकृत आधार १७ ऑगस्ट २०२३ रोजी संपला आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले, तरीही आम्ही जवळजवळ वर्षभर तसेच रेटले. ती चूकच होती. अखेर जुलै २०२४ मध्ये, खरडछाटणीची धावपळ संपलेली आणि ऑक्टोबरची फळछाटणी लांब असताना, आम्ही जूमला ५ वर गेलो. एक संपूर्ण हंगाम त्यावर काढल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

३ वरून थेट ५ वर जाता येत नाही. आधी ३.१०, मग ४.४ आणि त्यानंतर ५ असा टप्प्याटप्प्याचा रस्ता आहे. जूमला ५ ला सर्व्हरवर पीएचपी ही प्रोग्रामिंग भाषा किमान ८.१ आणि मारियाडीबी हा डेटाबेस असल्यास तो किमान १०.४ आवृत्तीचा लागतो. आमच्या होस्टिंगवरील मारियाडीबी त्याहून जुनी होती, आणि ती बदलून मिळण्यात तीन आठवडे गेले, कारण मदत कक्षातील प्रत्येक नवी व्यक्ती तीच माहिती पुन्हा मागत असे. म्हणून सर्व्हरची चौकशी सर्वांत आधी करावी. अकीबा बॅकअप या साधनाने संकेतस्थळाची संपूर्ण प्रत काढून ती एका उपडोमेनवर (आमच्याच नावाखालील वेगळ्या पत्त्यावर) उभी केली आणि सगळे प्रयोग तिच्यावरच केले. चालू संकेतस्थळाला तोपर्यंत हात लावला नाही.

३.१० मधील अद्ययावतीकरणपूर्व तपासणी ही सोय मला मनापासून आवडली. सर्व्हरच्या अटी पूर्ण होतात की नाही आणि कोणते एक्स्टेन्शन (जूमलाला वरून जोडलेले सॉफ्टवेअर) पुढच्या आवृत्तीत चालेल, हे ती एकाच पानावर दाखवते. मात्र एक्स्टेन्शनविषयीची माहिती त्याच्या निर्मात्याने स्वतः जाहीर केलेली असते, हे विसरू नये. आमच्या छायाचित्र-दालनाच्या एक्स्टेन्शनपुढे ‘सुसंगत’ असा शेरा होता, पण ४.४ वर गेल्यानंतर केवडा रोगाच्या लेखात, जिथे पानाच्या खालच्या बाजूची पांढरी बुरशी दाखवणारी सहा छायाचित्रे असायची, तिथे महिरपी कंसांत बंदिस्त असे फोल्डरचे नाव तेवढे उरले होते. शेतकरी हा लेख बागेत उभा राहून, हातातले पान मोबाइलवरच्या छायाचित्राशी ताडून पाहण्यासाठी उघडतो. छायाचित्रांवाचून त्या लेखाचा त्याला काय उपयोग? असे बत्तीस लेख निघाले. ते एक्स्टेन्शन काढून टाकून सर्व छायाचित्रे मी लेखांत हाताने बसवली.

मराठी मजकुराबाबतचा अनुभव सविस्तर सांगायला हवा, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये तो मला कुठेच सापडला नाही. २०१४-१५ मधील आमचे काही लेख युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही टंकात नीट दिसणाऱ्या अक्षरसंकेतात, नव्हते, जुन्या टंकात टाइप करून चिकटवलेले होते, आणि तो टंक जुन्या टेम्पलेटमध्ये (संकेतस्थळाच्या मांडणीच्या साच्यात) जोडलेला असल्यामुळे इतकी वर्षे कुणाच्या लक्षातच आले नव्हते. नवे कॅसिओपिया टेम्पलेट लागताच त्या लेखांच्या जागी रोमन अक्षरांचा अर्थहीन ढीग दिसू लागला. परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणला, तरी रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले आणि ‘वाऱ्याचा वेग’ मधला ‘ऱ्या’ तुटला. फवारणीच्या लेखात लिटरला किती ग्रॅम हा आकडा चुकला तर एखाद्याची बाग हातची जाईल, या भीतीने गटातील दोन ज्येष्ठ बागायतदारांना सोबत घेऊन मूळ कागदांवरून ओळ न् ओळ ताडून पाहिली. या कामाला स्थलांतराच्या तांत्रिक भागाच्या दुप्पट वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता.

दुसरी गोष्ट लेखांच्या पत्त्यांची. युनिकोड उपनामांची (पत्त्यात येणाऱ्या लेखाच्या देवनागरी नावाची) सोय बंद असल्यामुळे आमच्या मराठी शीर्षकांपासून पत्ता तयार होत नसे आणि जूमला त्या जागी तारीख व वेळ घालत असे. अद्ययावतीकरणात हे जुने पत्ते जसेच्या तसे राहिले, त्यामुळे व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षे फिरणाऱ्या लिंक तुटल्या नाहीत. याचे समाधान मोठे आहे. सोय चालू करून पाहिली, तेव्हा देवनागरी पत्ता पाठवताना टक्केचिन्हांची लांबच लांब माळ होऊ लागली. म्हणून नव्या लेखांना मी रोमन लिपीतील छोटे उपनाम स्वतः लिहितो.

रोजच्या वापरात फरक चांगलाच जाणवतो. शेतकऱ्यांनी पाठवलेली छायाचित्रे आता माध्यम व्यवस्थापकातच कापता आणि फिरवता येतात. चौथ्या आवृत्तीपासून आलेल्या कार्यप्रवाहामुळे तज्ज्ञांनी मान्यता दिल्याशिवाय फवारणीचा सल्ला प्रसिद्ध होणार नाही, अशी व्यवस्था लावता आली. आमच्यासारख्या गटाला एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ही आवृत्ती घ्यावीशी वाटेल. व्यवस्थापनाची बाजू नव्याने शिकावी लागते, पण त्याला आठवडा पुरतो.

जूमला ५ सोबत जुन्या एक्स्टेन्शनना सांभाळून घेणारे एक प्लगइन येते आणि ४ वरून आलेल्या संकेतस्थळावर ते आपोआप चालू असते. प्रयोगाच्या प्रतीवर ते मुद्दाम बंद करून पाहावे. आमच्याकडे ते बंद करताच सभासद नोंदणीचा अर्ज कोरा दिसू लागला, म्हणजे त्या अर्जाचे एक्स्टेन्शन अजून जुन्याच पद्धतीवर चालते. त्याला पर्याय शोधणे सुरू आहे. पुढची मोठी आवृत्ती त्यानंतरच घेऊ.