स्प्रिंग गेलीच नव्हती: पुण्याच्या काकांकडून ग्रामोफोन दुरुस्त करून घेतला

आजोबांचा एचएमव्ही 102 ग्रामोफोन आमच्याकडे आहे. काळी पेटी, चावीचा, 5बी साउंडबॉक्स (सुई जिच्यात बसते ती आवाजाची डबी). मी साताऱ्यात हार्मोनियम शिकवते, त्यामुळे बिघाड आधी कानाला कळला. बालगंधर्वांची रेकॉर्ड काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) सुरू व्हायची आणि संपता संपता तिच्या खालच्या पांढरी एकवर यायची. एक पट्टी उतरली म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्यांच्या 73-74 झाल्या. शिवाय मधूनच आतून ‘धप्’ असा आवाज यायचा आणि सुई उडायची.

पहिल्यांदा ज्यांच्याकडे नेला त्यांनी वरून शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि गतीचा स्क्रू फिरवून दिला. झालं काय, तर गाणं सुरुवातीला चढं लागायचं आणि शेवटी तरीही पडायचंच. परत गेले तर म्हणाले, स्प्रिंग मेली, नवी टाका. त्याचे साडेचार हजार सांगितले.

पुण्यातल्या काकांचं नाव जुन्या बाजारात एका रेकॉर्डवाल्याकडून कळलं. ते 74 वर्षांचे आहेत, एकटेच काम करतात. नाव-पत्ता लिहू नका, हातातलंच काम उरकत नाही, असं म्हणाले, म्हणून देत नाही. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात तबकडीवाल्यांना विचारलंत तर ते सांगतील.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. आधी पूर्ण चावी भरली, रेकॉर्डच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवला, मनगटावरच्या घड्याळात बघून फेऱ्या मोजल्या. पहिल्या मिनिटाला 80, तिसऱ्याला 73. मग आतली चावीवर चालणारी मोटर वर काढली, रेकॉर्ड पुन्हा लावली आणि मला म्हणाले, “ताई, इथं बघा.” गव्हर्नरची (गती आवरणाऱ्या भागाची) तीन वजनं फिरताना बाहेर फेकली जातात, त्यांच्यासोबत एक चकती सरकते आणि नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) तुकड्याला घासते. तोच गतीचा ब्रेक. गाणं पडायला लागलं तेव्हा चकती नमद्यापासून चांगली लांब होती. “ब्रेक लागलेलाच नाही, तरी गती कमी. म्हणजे मागून स्प्रिंगचा जोरच येत नाहीये. स्क्रू फिरवून काय होणार?” आणि तो ‘धप्’? आतलं ग्रीस वाळलं की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग एकदम सुटतात, त्याचा आवाज.

चावी पूर्ण उतरू दिल्यावरच त्यांनी स्प्रिंगचा डबा उघडला. (हे घरी कुणीही करू नये. भरलेली स्प्रिंग डब्यातून सुटली तर बोटं कापते.) आत काकवी आटून करपावी तसा काळा थर होता. जाड हातमोजे घालून, एकेक वेढा सोडत त्यांनी स्प्रिंग बाहेर काढली, रॉकेलने धुतली आणि फरशीवर मोकळी ठेवली. ती परातीपेक्षा मोठी पसरली. “थकलेली स्प्रिंग अशी उघडत नाही, मुटकुळं करून बसते. ही अजून ताकदीची आहे.” मग दोन्ही टोकांची भोकं भिंगाखाली धरून तडा शोधला. तडा नव्हता. तीच स्प्रिंग ग्रॅफाइटचं ग्रीस लावून परत बसवली, गव्हर्नरचा नमदा बदलला, त्यावर तेलाचा एक थेंब सोडला.

नवी स्प्रिंग विकून जास्त पैसे घेता आले असते आणि मला कळलंही नसतं. आजोबांनी ज्या स्प्रिंगला चावी दिली तीच आजही फिरते आहे, याचं मोल मला फार वाटतं.

खर्च 1,800 रुपये. तक्रार एकच: पंधरा दिवस सांगून पाच आठवडे लागले आणि मधे दोनदा फेरी फुकट गेली. साउंडबॉक्सचं रबर कडक झालंय, तेही त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही, मी विचारल्यावर पाहिलं. पुढच्या खेपेला ते करून घेणार आहे.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी हार्मोनियम शेजारी घेऊन बसले. नवी सुई लावली, चावी भरली आणि काळी एक दाबून धरली. 10 इंची रेकॉर्डची अख्खी बाजू, तीन मिनिटं, सूर तिथेच. मधे चावीला हात लावावा लागला नाही. शेवटची तान संपली तेव्हा आई आतल्या खोलीतून म्हणाली, “दुसरी बाजू लाव.”