क्वर्क-ग्रीनबाउमसोबत नऊ महिने: एम.ए.च्या इंग्रजी व्याकरणाचा अनुभव

गेल्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून 'अ युनिव्हर्सिटी ग्रामर ऑफ इंग्लिश' 180 रुपयांना घेतलं. आता मार्च संपत आलाय. या नऊ महिन्यांत ते एसटीत फिरलं, स्टाफरूममध्ये पडून राहिलं आणि पोळ्या लाटताना ओट्यावर उघडं ठेवल्यामुळे त्याच्या सातव्या प्रकरणाला हळद लागली. घ्यावं की नाही असं विचारणारे बरेच जण भेटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल थोडं. शिक्षण मराठी माध्यमात. बी.ए., बी.एड. करून अकरा वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. एम.ए.ला बाहेरून बसले. व्याकरणाचा पेपर म्हणजे घरचंच कार्य, त्यात काय अभ्यास करायचा, अशा गुर्मीत होते. पहिल्या चाचणीत 20 पैकी 7 पडले.

पुस्तक रँडॉल्फ क्वर्क आणि सिडनी ग्रीनबाउम यांचं, 1973 सालचं. आदल्याच वर्षी क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्टविक या चौघांचा मोठा ग्रंथ आला होता, त्याची ही आटोपशीर आवृत्ती. यामागे क्वर्क यांनी 1959 मध्ये सुरू केलेला सर्व्हे आहे. माणसं प्रत्यक्षात कसं इंग्रजी बोलतात आणि लिहितात याचे नमुने गोळा करायचे, दर नमुना 5,000 शब्दांचा, असे शेवटी 200 नमुने. म्हणजे दहा लाख शब्द, आणि तेही संगणक हाताशी नसताना कागदाच्या चिठ्ठ्यांवर. हे कळल्यावर पुस्तकाचा सूर समजला. 'असं बोलावं' असा हुकूम ते क्वचितच सोडतं, 'असं बोलतात' हे मात्र पानोपानी सांगतं.

पहिले दोन महिने मला ते अजिबात आवडलं नाही. चूक माझीच होती. मी ते कादंबरीसारखं पान एकपासून वाचायला घेतलं. दुसऱ्या प्रकरणात सगळ्या कल्पना भराभर येऊन जातात आणि त्यांचं स्पष्टीकरण पुढे कुठेतरी, पाच-सहा प्रकरणांनंतर असतं. शिवाय मागची सूची पानांचे नाही, परिच्छेदांचे क्रमांक देते, हे कळायलाच मला आठवडा लागला. तोवर मी 7.2 शोधत सातव्या पानावर जात होते. हसा खुशाल.

गाडी रुळावर आली ती एका क्षुल्लक वाक्यामुळे. आमच्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलं होतं, 'व्हर्बनंतर जे नाम येतं ते ऑब्जेक्ट.' मीही वर्गात अकरा वर्षं हेच सांगत आले. आता ही दोन वाक्यं बघा: 'ही कॉल्ड अ डॉक्टर' आणि 'ही बिकेम अ डॉक्टर'. दोन्हींत व्हर्बनंतर डॉक्टरच. पण पहिल्याचं 'अ डॉक्टर वॉज कॉल्ड' होतं, दुसऱ्याचं पॅसिव्ह करून दाखवा! होत नाही, कारण दुसऱ्या वाक्यातला डॉक्टर म्हणजे कर्ता स्वतःच. तो ऑब्जेक्ट नाही, कॉम्प्लिमेंट आहे, म्हणजे पूरक. मराठीत हे आपल्याला न शिकवता कळतं. 'त्याने डॉक्टरला बोलावलं' आणि 'तो डॉक्टर झाला', यात 'ला' कुठे लागला आणि कुठे नाही ते बघितलं की झालं. इंग्रजीत तो 'ला' नाही, म्हणून चाचणी लावावी लागते.

तेव्हापासून मी व्याख्या पाठ करणं सोडलं आणि चाचण्या गोळा करायला लागले. या पुस्तकाचा खरा उपयोग तिथेच आहे. कर्ता म्हणजे काम करणारा, ही व्याख्या 'देअर आर टू बसेस' या वाक्यापाशी कोलमडते. पण त्याला शेपटीचा प्रश्न जोडा: 'आरन्ट देअर?' शेपटीत जे परत आलं तो व्याकरणातला कर्ता, म्हणजे इथे 'देअर'. नववीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, "मॅडम, 'देअर इज अ टीचर देअर' यात दोनदा 'तिथे' कशाला?" तेव्हा मी "तसंच असतं बाळा" म्हणून वेळ मारून नेली होती. दिवाळीनंतर तिला बोलावून नीट सांगितलं: पहिला नुसता जागा धरून बसलाय, खरा 'तिथे' दुसरा.

सातव्या प्रकरणातले वाक्यांचे सात साचे हा या पुस्तकाचा गाभा. एसव्ही, एसव्हीओ, एसव्हीसी, एसव्हीए, एसव्हीओओ, एसव्हीओसी, एसव्हीओए. एस म्हणजे कर्ता, व्ही क्रियापद, ओ ऑब्जेक्ट, सी कॉम्प्लिमेंट आणि ए म्हणजे अ‍ॅडव्हर्बियल, कुठे-कधी-कसं ते सांगणारा भाग. ही अक्षरं पाठ करायला पाच मिनिटं लागतात, पचायला दोन महिने. माझं आवडतं उदाहरण: 'ही मेड हर अ टीचर' आणि 'ही मेड हर अ कॉफी'. वरून जुळी भावंडं. मराठीत आणा. 'त्याने तिला शिक्षिका केलं', 'त्याने तिला कॉफी करून दिली.' दुसऱ्यात 'दिली' आपोआप आलं ना? तो एसव्हीओओ, आणि पहिला एसव्हीओसी. 'आय पुट द की' एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणारा वाट बघत राहतो, कुठे ठेवली? म्हणून 'ऑन द टेबल' ही सजावट नाही, वाक्याचा खांब आहे. एसव्हीओए हा साचा वेगळा का काढलाय ते इथे कळतं. शाळेत आपण असलं सगळं 'अ‍ॅडव्हर्ब' म्हणून एका पोत्यात भरतो.

त्या पोत्यासाठीच आठवं प्रकरण आहे. 'फ्रँकली, ही डिडन्ट स्पीक' म्हणजे खरं सांगायचं तर तो बोललाच नाही. 'ही डिडन्ट स्पीक फ्रँकली' म्हणजे बोलला, पण मोकळेपणाने नाही. शब्द तेच, पण पहिल्यातला 'फ्रँकली' वाक्याच्या बाहेर उभा राहून शेरा मारतो. तो डिसजंक्ट, दुसरा अ‍ॅडजंक्ट. तिसरा भाऊ कंजंक्ट, म्हणजे वाक्याला आधीच्या वाक्याशी जोडणारी 'हाउएव्हर', 'देअरफोर' मंडळी. एक सावधगिरी: तुमचे सर 'सबजंक्ट' नावाचा चौथा प्रकार सांगत असतील तर ते चुकत नाहीत. तो याच चौघांच्या 1985 च्या जवळपास अठराशे पानी ग्रंथात आला, या पुस्तकात नाही. माझा एक गुण यात गेला.

शाळेत शिकवणाऱ्यांना सगळ्यात जास्त धक्का काळाच्या भागात बसेल. आपण बारा काळांचा तक्ता भिंतीवर लावतो. हे पुस्तक इंग्रजीत दोनच काळ मानतं, वर्तमान आणि भूत. काळ म्हणजे क्रियापदाचं रूप बदलणं: 'गो', 'वेंट'. भविष्यासाठी असं रूपच नाही. 'विल' हा 'कॅन', 'मे' यांच्या पंगतीतला, आणि 'द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमारो' म्हणताना तोही लागत नाही. आपल्या 'जाईन'मध्ये भविष्य क्रियापदाच्या पोटातच आहे, म्हणून मराठी माणसाला हे पचायला जड जातं. मी सध्या सकाळी शाळेत बारा आणि रात्री अभ्यासात दोन काळ मानते. परीक्षा ज्याची त्याचे काळ!

वर्गात थेट उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे डिटर्मिनर, नामाआधी बसून ते कोणतं हे ठरवणारे शब्द. आपल्या शब्दांच्या आठ जाती पाश्चात्त्य व्याकरणाच्या साच्यातून आल्या, पण त्यात या जातीला स्वतंत्र जागा नाही. 'माय', 'धिस', 'अ', 'द' हे सगळे एकाच खुर्चीचे दावेदार, आणि खुर्चीवर एकच बसणार. मुलं 'माझा एक मित्र'चं 'माय वन फ्रेंड' करतात. 'अ माय फ्रेंड' होत नाही हे त्यांच्या कानाला कळतं, म्हणून 'अ'च्या जागी 'वन' घालून मागच्या दाराने घुसवतात. 'माय' उठवून शेवटी पाठवायचा, 'अ फ्रेंड ऑफ माइन'. खुर्चीचा हा खेळ मी वर्गात खरोखरच्या खुर्चीवर खेळून घेतला. तेव्हापासून ती चूक बरीच कमी झालीय. संपली म्हणणार नाही, परवाच एका वहीत 'माय वन अंकल' सापडले.

आता तक्रारी. पुस्तकात सराव जवळजवळ नाहीच. आर. ए. क्लोज यांचं वेगळं वर्कबुक आहे, ग्रंथालयात मिळालं तर आधी ते धरा. उदाहरणं छोटी, एकाखाली एक, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश घरातली. अपवादांची तळटीप मूळ नियमाहून लांब, असंही होतं. तुमच्या अभ्यासक्रमात चॉम्स्की या भाषाशास्त्रज्ञाच्या पद्धतीच्या, वाक्य झाडासारखं फोडून दाखवणाऱ्या ट्री डायग्रॅम असतील तर त्यासाठी दुसरं पुस्तक लागेलच. याचा तो प्रांतच नाही.

नवीनच घ्यायचं असेल आणि अभ्यासक्रमात याच पुस्तकाचा हट्ट नसेल, तर याच दोघांचं 1990 चं 'अ स्टुडंट्स ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज' बघा. ते 1985 च्या ग्रंथावर बेतलंय, सबजंक्टची भानगड तिथे सुटते. जुन्या बाजारात मात्र 1973 वालंच सहज दिसतं. घेताना शेवटची पानं उलटून बघा. माझ्या प्रतीत विरामचिन्हांच्या परिशिष्टातली चार पानं आधीच्या मालकाने फाडून नेली होती, बहुधा परीक्षेला.

कसं वाचायचं? मी केलं ते सांगते: आधी सातवं, मग तिसरं, मग चौथं, मग आठवं. वर्तमानपत्रातलं रोज एक इंग्रजी वाक्य वहीत उतरवायचं, खाली साचा लिहायचा, त्याच्याखाली मराठी. मराठीत विभक्ती कुठे बदलली ते बघितलं की निम्मी उत्तरं तिथेच मिळतात. दुसऱ्या चाचणीला 20 पैकी 15 आले. गेलेल्या पाचांतला एक सबजंक्टचा, उरलेले चार तेराव्या प्रकरणातले, एका नामाभोवती तीन ओळी गुंडाळणारी ती लांबलचक नाउन फ्रेज. तिथे माझी पेन्सिल अजून चौथ्या पानावर अडकलीय, आणि परीक्षा 22 एप्रिलला.