राजदूत 350 'अपग्रेड' करून देतो म्हणाले, आणि बाबांचे ब्लॉकच गेले

गॅरेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण झालं ते सगळं लिहितो. बापाची गाडी टिनाच्या शेडखाली झाकून ठेवलेले लोक नागपुरात पुष्कळ आहेत आणि दर हिवाळ्यात त्यातले काही जण ती पुन्हा सुरू करायला बाहेर काढतात. मीही तसंच केलं.

गाडी 1984 ची राजदूत 350, एचटी (हाय टॉर्क, म्हणजे जास्त ताकदीची). नव्या मुलांसाठी सांगतो: एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी 350 आपल्याकडे 1983 पासून या नावाने काढली. 347 सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सहा गिअर. आधीची एचटी 30.5 अश्वशक्तीची, नंतर आलेली एलटी (लो टॉर्क) 27 ची. त्या वेळची बुलेट 350 होती 18 अश्वशक्तीची, म्हणजे ही गाडी रस्त्यावर काय वाटत असेल ते समजून घ्या. बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात होते. रात्रपाळी सुटल्यावर गाडी घराजवळच्या वळणाला लागली की सदरच्या घरात आईला आवाज ओळखू यायचा, असं ती अजून सांगते.

1991 च्या पावसात लोखंडी पुलाजवळ गाडी घसरली आणि दगडावर उजवी बाजू आपटली. बाबांना फार लागलं नाही, पण उजव्या ब्लॉकची (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरची) वरून तिसरी फिन (इंजिन थंड ठेवणारी बाहेरची पट्टी) पुढच्या कोपऱ्यात तुटली, नखाएवढी. रविवारी गाडी धुणं माझ्याकडे होतं. फडकं दर वेळी त्या कोपऱ्यात अडकायचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचं आहे.

बाबा 2012 मध्ये गेले. गाडी अकरा वर्षं उभी होती. 2023 च्या हिवाळ्यात मी ती काढली आणि प्रश्न पडला तो जुन्या गाडीच्या प्रत्येक मालकाला पडतोच: आहे तशी ठेवायची, की नवे पार्ट टाकून सुधारायची? माझं मन मूळ ठेवण्याकडे होतं. एक कारण भावनेचं. दुसरं असं, की केंद्राने 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आणले. 50 वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी मूळ स्वरूपात असेल, चेसिस-इंजिनात मोठा बदल नसेल, तर तिची वेगळी नोंदणी होते, नंबरात 'व्हीए' येतं. माझ्या गाडीला ते 2034 मध्ये लागू होईल. तेव्हा ती मुलीच्या हाती द्यायची, असं मनात होतं.

गॅरेजवाला पस्तिशीतला, बोलायला अतिशय गोड. "काकाजी, ओरिजनलच्या मागे कायले लागता? पार्ट भेटतच नाही आता. मी अशी बनवून देतो का पाहतच राहाल." मग त्याने एकेक गोष्ट समजावली, आणि खरं सांगतो, त्यातली प्रत्येक अर्धी बरोबर होती. ठिणगीचे पॉइंट वारंवार सेट करावे लागतात, त्यापेक्षा सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बरा. बरोबर आहे. पुढचा ड्रम ब्रेक या गाडीचा कमकुवत भाग. तेही बरोबर, परदेशातल्या आरडीला डिस्क होती, आपल्याकडे ड्रम आला. ऑइलचा पंप कधी दगा दिला तर इंजिन बसतं, तो काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. हेही बरेच लोक करतात. जपानी मिकुनी कंपनीचे कार्बोरेटर झिजलेत, नवे टाकू. क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनातला दांडा) खराब, ब्लॉक बोअर (आतून घासून मोठे) करावे लागतील. एकूण 85 हजार.

मी एकच गोष्ट विचारली नाही: काढलेलं सामान कुठे जाणार?

जॉबकार्ड नव्हतं. एका वहीत माझं नाव आणि रक्कम. पैसे मी यूपीआयवरून तीन हप्त्यांत दिले, एवढंच पुढे उपयोगी पडलं. अडीच महिन्यांनी गाडी मिळाली. क्रोम चकाकत होता, टाकीवर नवा रंग, पहिल्या किकला सुरू. मी वाकून इंजिन पाहिलं. उजव्या ब्लॉकची तिसरी फिन अख्खी होती. मला वाटलं, पोराने वेल्डिंग करून तुटका कोपराही भरला, किती मन लावून काम केलं! मी त्याला दोन हजार वर दिले. हे लिहितानाही हात थांबतो.

एप्रिलमध्ये वर्धा रोडवर जामठ्याच्या अलीकडे, साठ-पासष्टच्या वेगात, मागचं चाक अचानक जाम झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो. उजवा पिस्टन सीज झाला होता, म्हणजे आत अडकून बसला होता. गाडी टेम्पोत घालून बाबांच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरी ओलांडलेली, दुकान आता नातवाकडे. त्यांनी हेड उतरवलं, पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा पुसून पाहिला, मग ब्लॉकवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "बाबू, हे तुझ्या बाबांचे ब्लॉक नाहीत."

पिस्टनवर 1.00 होतं. या इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 64 मिलिमीटर. झिजला की पाव-पाव मिलिमीटरने वाढवत नेतात आणि एक मिलिमीटरला ती वाट संपते, मग आत नवीन स्लीव्ह (नळी) बसवावी लागते. बाबांच्या गाडीचं बोअरिंग एकदाच झालं होतं, 0.25 चं, याच मिस्त्रींच्या हातून. म्हणजे तिच्यात अजून तीन बोअरिंग शिल्लक होती. मला मिळाले ते कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे, आयुष्य संपलेले ब्लॉक. कार्बोरेटर स्थानिक, दोघांचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) वेगळे. उजव्या बाजूला पेट्रोल कमी जात होतं. ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. वर आपला उन्हाळा. पिस्टन फुगून बसणारच होता. मूळ पंप असता तर तो थ्रॉटल आणि इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे ऑइल वेगळं देत राहिला असता. क्रँकही मूळ नव्हता. क्रँककेस (इंजिनाचा खालचा डबा) तेवढी जागेवर होती, कारण इंजिन नंबर तिच्यावर असतो आणि आरसीशी जुळला नाही तर भानगड होते. त्याने हात घातला तो नंबर नसलेल्या प्रत्येक वस्तूला.

मी गॅरेजला गेलो. "काकाजी, ते तर भंगारात गेलं, तवाच." मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, की एचटीचं मूळ सामान कोणी भंगारात देत नाही. आज जपानी मिकुनीची जोडी, चांगला क्रँक आणि कमी बोअरचे ब्लॉक मिळून जी किंमत येते, ती मी दिलेल्या 85 हजारांच्या जवळ जाईल. म्हणजे त्याने माझ्याकडून मजुरी घेतली आणि सामानही विकलं. तेव्हा मला त्याचं 'ओरिजनल कायले' कळलं. ओरिजनल त्यालाच हवं होतं.

पोलीस ठाण्यात विचारलं, ब्लॉक तुमचेच होते कशावरून? प्रश्न रास्त आहे, ब्लॉकवर नंबर नसतो. घरी येऊन सगळे अल्बम काढले. 1996 चा एक फोटो सापडला, फुटाळ्यावर बाबा गाडीवर बसलेले, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. स्कॅन करून मोठा केला, तर तिसऱ्या फिनचा तुटलेला कोपरा स्वच्छ दिसला. तो फोटो, यूपीआयच्या नोंदी आणि मिस्त्रींचं लेखी म्हणणं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, हे तिथेच कळलं.

मी सुधारणेच्या विरुद्ध नाही. मिस्त्रींनी गाडी पुन्हा बांधली तेव्हा सीडीआय मी राहू दिला, टायर नवे घेतले, क्रँकचे सील नवे. ड्रम ब्रेकला नवे लायनर लावून ते ड्रमच्या गोलाईला नीट घासून घेतले, आता तो थांबवतो. पण काढलेली प्रत्येक वस्तू, झिजलेला केबलसुद्धा, चिठ्ठी लावून माझ्या घरी खोक्यात आहे. उद्या मुलीला सीडीआय नको वाटला तर पॉइंटची पाटी परत बसवता येईल. गाडी सोडण्याआधी इंजिनाचे चारही बाजूंनी फोटो, कॅलिपरने मोजलेला बोअर, कार्बोरेटरवरचे आकडे, आणि 'काढलेले पार्ट परत' असं लिहिलेला सही-शिक्क्याचा कागद, एवढं तुम्ही नक्की करा. गॅरेजवाला ओळखीचा असला तरी करा. जो 'त्यात काय ठेवलंय' म्हणेल त्याच्याकडून गाडी लगेच परत आणा.

बाबांचे ब्लॉक अजून कुठेतरी आहेत, बहुतेक कोणाच्या तरी गाडीवर. ज्याने घेतले त्याची चूक नाही, त्याने पैसे मोजलेत. उजवा ब्लॉक, वरून तिसरी फिन, पुढचा कोपरा नखाएवढा तुटलेला, तुटलेली कड वापराने गुळगुळीत झालेली. बोअर 64.25. तुमच्या गाडीवर किंवा कोणाच्या दुकानात दिसला तर मला कळवा. मागेल ती किंमत देऊन मी विकत घेईन.